वाचकांचे प्रश्न : पहिल्या घोटाच्या आधीचे दिवस

मागच्या अंकात या सदरात दारू अचानक बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात शरीराला काय काय सोसावे लागते, याविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे त्या आठवड्याविषयी नाहीत, तर त्यानंतरच्या महिन्यांविषयी आहेत. सुटलेले व्यसन पुन्हा का लागते आणि ते लागू नये म्हणून घरच्यांनी व स्वतः त्या माणसाने काय करावे, हा या सर्व पत्रांमधला समान प्रश्न आहे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा मजकूर अर्थातच काढून टाकला आहे.

प्रश्न : माझे वय ४३ असून मी एका साखर कारखान्यात फिटर आहे. व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे राहून आलो आणि त्यानंतर आठ महिने दारूला शिवलो नाही. गाळप हंगाम सुरू झाल्यावर पाळ्या बदलत गेल्या, त्यामुळे व्यसन सोडणाऱ्यांची गुरुवारची सभा सुटली. गोळ्या संपल्या, त्या आणायच्या राहून गेल्या. गेल्या महिन्यात पुतणीचे लग्न होते. पाहुण्यांची सोय माझ्याकडे होती, त्यात बाटल्या आणण्याचे कामही आले, आणि घरचे कार्य असल्याने नाही म्हणता आले नाही. हळदीच्या रात्री एक ग्लास घेतला आणि पुढे नऊ दिवस पीत राहिलो. आता पाच दिवस बंद आहे. घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. याआधी दोनदा देवापुढे शपथ घेतली होती, एकदा माळही घातली होती. आठ महिने फुकट गेले. माझ्यात निग्रहच नाही का?

उत्तर : आधी तब्येतीचे बोलू. नऊ दिवस सलग पिऊन तुम्ही एकदम थांबलात. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येण्याचा आणि भ्रम होण्याचा धोका असतो. पाच दिवस निभावले हे चांगले झाले, तरी अजून हात थरथरत असतील, झोप येत नसेल, नसलेल्या गोष्टी दिसत किंवा ऐकू येत असतील, तर हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे गेलेले असाल अशी मी आशा करतो. पुन्हा कधी अशी वेळ आली तर घरच्या घरी दारू तोडू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि प्रत्येक वेळी माझे लक्ष हळदीच्या रात्रीपेक्षा त्याआधीच्या तीन वाक्यांवर गेले. सभा सुटली, गोळ्या राहिल्या आणि बाटल्या आणण्याचे काम अंगावर घेतले गेले. तुम्ही ही वाक्ये सहज लिहून गेलात, पण मला तुमची घसरण तिथेच दिसते. ग्लास हातात आला तोवर तिला दोन-तीन महिने होऊन गेले होते. गाळप सुरू झाल्यावर तुमची झोप मोडली, जेवणाच्या वेळा विस्कटल्या, तुमचा आठ महिन्यांचा प्रवास ज्यांना माहीत होता अशा माणसांशी बोलणे बंद झाले, आणि दारू न पिण्यासाठी लागणारा एकेक आधार तुमच्या नकळत निघत गेला. शेवटी जे उरले ते फक्त तुमच्या निग्रहाच्या जोरावर उभे होते, आणि त्याच हातांत दारूची खोकी दिली गेली. माझ्या मते अशा जागी भल्याभल्यांचा निग्रह टिकला नसता.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये व्यसनाच्या पुनरावृत्तीविषयी सविस्तर मांडणी केली, आणि आजही जगभरची केंद्रे तिच्या आधारे काम करतात. त्यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली अशी, की माणूस पिण्याचा निर्णय घेण्याच्या बराच आधी लहान लहान निर्णय घेत असतो, ज्यांचा दारूशी काही संबंध आहे असे त्याला स्वतःलाही वाटत नाही. पाहुण्यांची सोय बघणे हा तसा निर्णय होता. दुसरी गोष्ट तुमच्या नऊ दिवसांविषयी आहे. पहिला ग्लास आणि नंतरचे नऊ दिवस या दोन वेगवेगळ्या घटना आहेत. पहिल्या ग्लासनंतर मनात येते, की आता मोडलेच आहे, आपण असेच आहोत, मग पिऊनच घ्यावे; आणि त्या शरमेपायी माणूस पुढचा ग्लास भरतो. एका ग्लासमुळे नऊ दिवस गेले असे तुम्हाला वाटते, पण त्यांतील बरेचसे दिवस शरमेने नेले.

म्हणूनच शपथेविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे, आणि त्यात कोणाच्या श्रद्धेचा अनादर नाही. शपथ एकतर पाळली जाते किंवा मोडते, तिला मधली पायरी नसते. ती मोडली की माणसाला परतीची वाटच दिसत नाही. माळेचे मात्र थोडे वेगळे आहे. माळ घालून कायमचे सुटलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी बोलल्यावर लक्षात येते, की माळेबरोबर त्यांच्या आयुष्यात एकादशी आली, रात्रीचे भजन आले, वारीतली दिंडी आली, म्हणजे संध्याकाळची वेळ आणि संगत दोन्ही बदलली. तुम्ही माळ घातली, पण संध्याकाळी सातला पूर्वीच्याच चौकात उभे राहत असाल, तर त्या माळेवर फार मोठा भार पडला असे मी म्हणेन.

आठ महिने फुकट गेलेले नाहीत. टॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा या आजारांशी केली. उपचारानंतर त्रास उलटण्याचे प्रमाण व्यसनात साधारण ४० ते ६० टक्के, तर रक्तदाब आणि दम्यात ते याहून कमी नाही, असे त्यांनी नोंदवले. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आधीचे औषधपाणी वाया गेले असे आपण म्हणत नाही; पंप बंद झाला होता का, धूळ कुठून आली, हे विचारतो. तुम्हीही तेच विचारायचे आहे.

या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. कारखान्यात पाळी लावणाऱ्या साहेबांकडे गुरुवारची एक संध्याकाळ मागा. कारण सांगायला संकोच वाटत असेल तर उपचार चालू आहेत एवढे पुरते, आणि ते खरेही आहे. तेही जमले नाही तर जवळच्या तालुक्याच्या गावी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाची, सभा कोणत्या वारी असते ते शोधा. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी एका दारुड्या शेअर दलालाच्या आणि एका दारुड्या डॉक्टरच्या भेटीतून सुरू झाली. तिची सगळी ताकद त्या भेटीतच आहे: पिण्याची इच्छा झाली की त्याच व्यसनाशी झगडणाऱ्या दुसऱ्या माणसाला शोधायचे आणि त्याच्याशी बोलायचे. सभेला जाणे म्हणजे निव्वळ हजेरी लावणे नव्हे. तुमचा आवाज बदलला, तुम्ही उडवाउडवी करू लागलात, की ते ओळखणारी माणसे तिथे बसलेली असतात.

रात्रपाळीहून सुटताना रिकाम्या पोटी निघू नका. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सर्वांत कठीण असतात, आणि रात्रपाळीनंतर त्यांतल्या तीन एकत्र येतात. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ डब्यातली अर्धी भाकरी आणि गुळाचा खडा मुद्दाम राखून ठेवत आणि गेटच्या बाहेर पडण्याआधी ते खात. अंडाबुर्जीच्या गाडीचा वास आला की पुढचे पाऊल दुकानाकडे वळते, हे त्यांना अनुभवाने कळले होते, म्हणून त्यांनी सायकलचा रस्ताही बदलला होता. तलफ आली की घड्याळ पाहा. ती लाटेसारखी चढते आणि पिण्यावाचून ओसरतेही, बहुधा पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात. तेवढा वेळ तिच्याशी भांडू नका आणि तिचे ऐकूही नका. छातीत, जिभेवर, हातांत ती कुठे जाणवते ते पाहत चालत राहा.

कोणी ग्लास पुढे केला तर काय म्हणायचे, हे आधी ठरवून मोठ्याने म्हणून पाहा. “आज अ‍ॅसिडिटी आहे” असे म्हटलेत तर तो उद्या पुन्हा विचारेल. “मी सोडली आहे” एवढे म्हणून थांबा. पुढचा जत्रेचा दिवस, गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर आणि हंगामाच्या शेवटी बोनस मिळण्याचा दिवस कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी आपण कोणाबरोबर असू ते लिहा.

आणखी एक कागद खिशात ठेवायचा आहे, ज्यावर लिहायला बहुतेकजण तयार नसतात, कारण ते अपशकुनासारखे वाटते. त्यावर लिहा: चुकून एक घेतला गेला, तर ग्लास खाली ठेवून मी ती जागा सोडेन, या तिघांपैकी जो फोन उचलेल त्याला सांगेन, घरी जाऊन लपवणार नाही, आणि सकाळी केंद्रात जाईन. हा कागद असता तर हळदीची ती रात्र एका रात्रीवर थांबण्याची शक्यता बरीच वाढली असती. घरच्यांचा अबोला काही दिवस राहील. त्यांना आता वचन देऊ नका, गुरुवारी कुठे जाणार ते सांगा आणि जा.

प्रश्न : माझे पती तीन महिन्यांपासून पीत नाहीत. एका नातेवाइकांनी दिलेली दारू सोडवण्याची गोळी मी त्यांना न सांगता भाजीत कुस्करून घालते. ते घरी आले की आधी तोंडाचा वास घेते, खिसे पाहते. त्यावरून रोज भांडण होते. परवा ते म्हणाले, “नाही प्यायलो तरी चोरच ठरतो, मग पिऊनच येतो.” मी काय चुकते आहे?

उत्तर : ताई, गोळी देणे आजच थांबवा. नातेवाइकांनी दिलेल्या पाकिटावर डायसल्फिराम असे लिहिले आहे का, ते पाहा. शरीरात दारू मोडताना एक विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृत तो लगेच नाहीसा करते. ही गोळी नेमके ते काम अडवते. त्यामुळे गोळी घेणाऱ्याने दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला हृदयाचा किंवा यकृताचा त्रास आहे, त्याच्या जिवावर बेतू शकते. शेवटची गोळी घेतल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असते, तेही बाधू शकते. तुमच्या पतीला हे काहीच माहीत नाही. उद्या त्यांनी रागाच्या भरात घेतली, तर त्यांना काय होते आहे हे डॉक्टरांनाही कळणार नाही. म्हणून निदान या दोन आठवड्यांसाठी तरी त्यांना खरे सांगावे लागेल. ते चिडतील, पण सांगा. आधी एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना भेटून त्यांच्यासमोर सांगितलेत तर ते जास्त बरे.

हीच गोळी त्यांच्या संमतीने, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली तर ती उत्तम काम करते. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी ती तुमच्यासमोर घ्यावी, असे दोघांनी मिळून ठरवता येते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकाम्प्रोसेट यांसारखी औषधेही आहेत. कोणाला कोणते द्यायचे हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासणीवर ठरते.

तुमच्या संशयाला मी दोष देत नाही. इतकी वर्षे दाराची कडी वाजली की छातीत धस्स होत आले असेल, ते तीन महिन्यांत जात नाही. पण तोंडाचा वास घेण्याने तुम्हाला शांती मिळत नाही आणि त्यांना कारण मिळते. त्याऐवजी एक ठरावीक खूण असू द्या, सकाळची गोळी ही ती खूण होऊ शकते. गोळी घेतलेली डोळ्यांनी पाहिली, की संध्याकाळी शर्टाची कॉलर हुंगायची नाही, असा करार करा, आणि तो तुम्हीही पाळा. ते पिऊन आलेच, तर त्या रात्री काही बोलू नका. बोलायचे ते सकाळी. हात उचलला तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही, १८१ किंवा ११२ वर फोन करायचा.

तुमच्यासाठीही सभा असतात. अल-अ‍ॅनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे. त्यात पती कसा सुधारायचा हे शिकवत नाहीत. तुमचे जेवण, झोप आणि विचार त्याच्या पिण्याभोवती फिरत राहिले आहेत, ते तिथून सोडवून घ्यायला मदत करतात. नवरा पीत असो वा नसो, तुम्ही जा.

प्रश्न : माझा २४ वर्षांचा मुलगा ब्राउन शुगर घेत होता. सरकारी केंद्रातून चार महिन्यांपासून त्याला जिभेखाली ठेवायची गोळी मिळते. तो कामाला जाऊ लागला आहे. पण माझे भाऊ म्हणतात, ही गोळीही नशाच आहे, एक सोडून दुसरी लावली. गोळी बंद करून त्याला गावी पाठवावे का?

उत्तर : नाही. आपल्या भावाची काळजी मी समजू शकतो, तरीही या बाबतीत त्यांचे ऐकू नका.

ही गोळी ब्युप्रेनॉर्फिनची असणार. ब्राउन शुगरसारखी तीही अफूच्या वर्गातलीच आहे हे खरे आहे, आणि लोकांचा गैरसमज तिथूनच होतो. मात्र ती मेंदूतल्या त्याच जागा अर्धवट आणि दीर्घकाळ व्यापून ठेवते, त्यामुळे अंग दुखणे, नाक गळणे, तलफ हे सारे थांबते, आणि सांगितलेल्या मात्रेत घेतली तर पूर्वीसारखी झिंग येत नाही. मुलगा कामाला जातो आहे, घरातल्या वस्तू नाहीशा होत नाहीत, हा तिचा गुण आहे. ती किती महिने द्यायची आणि कशी उतरवायची, हे केंद्रातले डॉक्टर ठरवतील. चार महिने हा काळ थोडा आहे.

गोळी बंद करून गावी पाठवण्यात जो धोका आहे तो आपल्याला कोणी सांगितलेला दिसत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. काही काळ नशा बंद राहिली, की शरीराची ती सोसण्याची क्षमता उतरते. मग एखाद्या दिवशी मुलगा पूर्वीइतकीच मात्रा घेतो, आणि पूर्वी जी पचत होती तिनेच श्वास मंदावून थांबतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण असेच जातात. तो पुन्हा घेण्याची शक्यता कमी व्हावी, आणि घेतलीच तर जीव वाचावा, ही दोन्ही कामे ही गोळी करते.

तो कधी हाका मारून उठत नाही, ओठ निळे पडले आहेत, श्वास अगदी संथ आहे किंवा घोरल्यासारखा आवाज येतो आहे, असे दिसले तर झोप लागली असेल असे समजू नका. लगेच १०८ वर फोन करा, त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या या औषधाबरोबर घेणे धोक्याचे आहे, हे त्याला आणि मामांनाही सांगा. पुढच्या तारखेला मामांना केंद्रात सोबत घेऊन जा, डॉक्टरांशी त्यांचे थेट बोलणे होऊ द्या.

प्रश्न : मी २७ वर्षांची असून पुण्यात आयटीत नोकरी करते. दारू सोडून १४ महिने झाले. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ऑफिसच्या पार्टीत शून्य-अल्कोहोल बिअर घेतलेली चालेल का? आणि माझे लग्न ठरते आहे, त्या मुलाला हे सांगावे का? सभेला गेले तेव्हा मी एकटीच बाई होते, पुन्हा गेले नाही.

उत्तर : बिअरचे आधी सांगतो, ती घेऊ नका. अशा काही बाटल्यांत अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असते, पण माझी हरकत त्याहून वेगळ्या कारणासाठी आहे. हातातली थंड बाटली, तो कडवट वास, टेबलाभोवतीची बसण्याची पद्धत, या सगळ्याची तुमच्या मेंदूने खऱ्या बिअरशी गाठ घालून ठेवली आहे. १४ महिन्यांनी “एखादी चालेल का” असा प्रश्न वेगळ्या रूपात आला आहे, तो ओळखा. लिंबू सोडा घ्या, ग्लास स्वतः भरा आणि हातातून खाली ठेवू नका. खरे तर काही दिवस जेवण झाल्यावर लगेच निघून आलात तर अधिक चांगले.

सभेत एकटी बाई असण्याचा अवघडपणा खरा आहे, आणि त्यामुळे किती स्त्रिया उपचारांपासून दूर राहतात हे मी रोज पाहतो. तुम्ही पुण्यात आहात हे एका दृष्टीने सोयीचे आहे. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. तिथे विचारलेत तर तुमच्यासारख्याच इतर जणींशी गाठ पडू शकेल. तुम्ही १४ महिने एकटीने काढले, त्याचे मला फार कौतुक आहे, पण लग्नाच्या धावपळीत एकटीने काढू नका. रात्री-बेरात्री बोलावेसे वाटले तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेची, दोन्ही निःशुल्क आहेत.

मुलाला सांगा, आणि साखरपुड्याच्या आधी सांगा. नैतिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी लपवलेली गोष्ट सांभाळण्यात माणसाची फार शक्ती जाते. शिवाय हळदी, संगीत, मित्रांची पार्टी, मधुचंद्र अशा जागी तुमच्या हातात ग्लास देणारा पहिला माणूस तोच असेल, आणि त्याला काही माहीत नसेल. निवांत जागी, घाई नसताना सांगा. किती प्यायचे, कधी सोडली, आता काय करते, एवढे पुरते, सगळा तपशील एकाच दिवशी सांगायला हवा असे नाही. त्याला कळत नसेल किंवा तो घाबरला, तर त्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या एखाद्या खुल्या सभेला बरोबर न्या. खुल्या सभेत न पिणाऱ्यांनाही मागच्या खुर्चीवर बसून ऐकता येते, नाव सांगावे लागत नाही.